माझा फोटो भिंतीवर, मी डब्यात

मित्रांनो, मी एक जुना गार्ड आहे. चांगला नऊ वर्षांचा! पण माझं अंग बघा. एक ओरखडा नाही, तेलाचा डाग नाही, कालच दुकानातून आणल्यासारखा चकाचक. तुम्ही म्हणाल, वा, काय जपलंय याला! थांबा, घाई करू नका. जपलेलं वेगळं आणि न वापरलेलं वेगळं. तेच तर सांगायचंय मला, आणि भराभर सांगायचंय, कारण परवा तपासणी आहे आणि उद्या डबा उघडणार.

गार्ड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे शिट्टीवाला, टोपीवाला माणूस आला ना? तो मी नव्हे. मी म्हणजे करंगळीएवढी वाकवलेली स्टीलची तार. शिलाई मशीनच्या सुईपुढे मला एका स्क्रूने बसवतात. शिवताना कापडाबरोबर बोट पुढे सरकलं, तर ते आधी मला लागतं आणि तिथेच थांबतं. सुईखाली जात नाही. संपलं माझं काम. मला ना चाक ना मोटर, मी फक्त मधे यायचं. पण वेळेवर मधे येणारे जगात असतात कितीसे, सांगा बरं?

माझा जन्म एका छोट्या वर्कशॉपात झाला, पण माझा खरा बाप म्हणजे सरकारचा नियम. ‘प्रत्येक शिलाई मशीनला सुईपुढे गार्ड असलाच पाहिजे.’ एवढं एक वाक्य कुणीतरी कागदावर लिहिलं आणि आम्ही दोनशे दहा भावंडं एका खोक्यातून या कपड्यांच्या कारखान्यात आलो. काय आनंद झाला होता आम्हाला! मिस्त्रीकाका, म्हणजे मशीन दुरुस्त करणारे काका, त्यांनी आम्हाला एकेका मशीनवर बसवलं. दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले, त्यांनी हातातल्या कागदावर बरोबरच्या खुणा केल्या, चहा घेतला आणि गेले. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली नसेल, तोवर सुपरवायझर ओरडला, “चला, काढा ती लटकणं! फास्ट, फास्ट!”

त्याचं नावच फास्टबुवा. दिवसातून शंभरदा ‘फास्ट’ म्हणणाऱ्याला बायका दुसरं काय म्हणणार?

आम्ही गेलो बिस्किटांच्या एका मोठ्या रिकाम्या डब्यात. डबा फास्टबुवाच्या टेबलावर. तेव्हापासून वर्षातून एकदा तपासणी, दोन दिवस मशीनवर, बाकी सगळं वर्ष डब्यात. हिशेब करू नका, रडू येईल. त्यातल्या त्यात माझं नशीब एवढंच, की डब्याचं झाकण एका बाजूला चेपलंय आणि मी नेमका त्या फटीशी पडतो. फटीतून मला तिसरी लाइन दिसते. लाइन म्हणजे एकामागे एक मांडलेल्या मशीनची रांग.

आता खोटं कशाला बोलू, बायकांनाही मी आवडत नव्हतो. मी मधे असलो की सुईत दोरा ओवताना बोटं अडखळतात, सुईचं टोक नीट दिसत नाही, तासाला चार-पाच कॉलर कमी होतात. कमी झाल्या की फास्टबुवा येऊन डोक्यावर उभा. म्हणून बायकांनी आमचं नाव ठेवलं मुसकं. बैलाने चरू नये म्हणून तोंडाला बांधतात ना, ते. तिसऱ्या लाइनीत टाचणी म्हणून एक मुलगी होती, अंगाने टाचणी आणि जिभेनेही टाचणीच. ती म्हणायची, “आली बाई तपासणी! मशीनला मुसकं, आम्हाला बी मुसकं. दोन दिवस कुणी चरायचं नाही, कुणी बोलायचं नाही!”

शेजारच्या मशीनवर तिची वहिनी. टाचणीच्या सख्ख्या भावाची बायको. टाचणी दिवसभर “वहिनी, कात्री दे, वहिनी, पाणी पिऊन येते” असं करायची, तर अख्खी लाइनच तिला वहिनी म्हणायला लागली. पन्नाशीच्या बायकासुद्धा! वहिनी कॉलर बसवायची. कॉलर म्हणजे शर्टातलं सगळ्यात किचकट काम, वळणावर कापड फिरवत सुईच्या अगदी तोंडाशी बोट न्यावं लागतं. आणि शर्ट कुणाचे? तुमच्याच मापाचे, मित्रांनो. सहा-सात वर्षांच्या पोरांचे, बाहेरदेशी जाणारे.

पोरांचे शर्ट म्हणून या कारखान्यात एक कडक पद्धत आहे. सुई तुटली की काम बंद. तिचा तुकडान् तुकडा शोधायचा, सगळे तुकडे जुळवून अख्खी सुई करायची आणि रजिस्टरात चिकटपट्टीने चिकटवायची. तेव्हाच नवी सुई मिळते. कारण एखादा तुकडा शर्टात राहिला आणि कुणा बाळाला टोचला तर? आणि तेवढ्यावर भागत नाही. शर्ट तयार झाले की एका पट्ट्यावरून सरकत जातात, मधे धातू शोधणारं मशीन. सुईच्या टोकाएवढं लोखंड असलं तरी ते केकाटतं. बायका त्याला बोंब्या म्हणतात.

चांगली पद्धत आहे. मी नावं ठेवत नाही. फक्त पुढचं ऐका.

मागच्या वर्षीची गोष्ट. टार्गेट वाढवलं होतं. जेवणाआधीचा तास, फास्टबुवा लाइनीतून टाळ्या वाजवत फिरतोय, आणि फटीतून मी बघतोय तर वहिनीचं मशीन एकदम थांबलं. ती ओरडली नाही. तिने नुसता हात वर उचलला, आणि तर्जनीच्या नखातून सुई आरपार दिसली. अर्धी. टाचणी किंचाळली, “वहिनी! अगं बाई गं, मिस्त्रीकाका, धावा!”

मिस्त्रीकाकांनी चिमट्याने सुई ओढली. फडकं बांधलं. तेवढ्यात फास्टबुवा पोचला, आणि त्याचा पहिला शब्द कोणता असेल? ओळखा.

“तुकडा!” म्हणाला. “टोक कुठंय सुईचं? टोक शोधा आधी!”

अख्खी लाइन खाली वाकली. टेबलाखाली लोहचुंबक फिरवलं. वहिनीने शिवलेल्या तीस कॉलर उलट्यासुलट्या केल्या. टोक नाही. ते तीस शर्ट बोंब्याखालून घातले, बोंब्या गप्प. फास्टबुवाला घाम फुटला. “गेलं कुठं मग? शर्टात गेलं असेल तर माझी मान जाईल!”

वहिनी स्टुलावर बसून होती, पांढरीफटक. ती उठली. हातातल्या बांगड्या काढून टाचणीकडे दिल्या. पट्ट्यापाशी गेली आणि फडकं बांधलेला हात शर्टासारखा पट्ट्यावर ठेवला.

बोंब्या केकाटला.

आणि फास्टबुवाने छातीवर हात ठेवून सुस्कारा सोडला. खरंच सोडला, मी बघितलंय. म्हणाला, “सुटलो बाबा! बोटात आहे होय? मला वाटलं शर्टात गेलं.”

टाचणी म्हणाली, “साहेब, पेढे वाटा मग.”

“तू गप्प बस गं!”

डॉक्टरने टोक काढलं. चौथ्या दिवशी वहिनी कामावर आली ती कागदाच्या पुडीत टोक घेऊन, कारण त्याशिवाय रजिस्टर पुरं होईना! फास्टबुवाने ते चिकटवलं. रकान्यात लिहायचं असतं, तुकडा कुठे सापडला. त्याने लिहिलं, ‘टेबलाखाली’. तो लिहीत होता ते माझ्या फटीतून मला दिसत होतं आणि मी तार असूनही वाकडा झालो असतो, जर आधीच वाकवलेला नसतो तर.

तिचं बोट बधिर झालं होतं. नख वेडंवाकडं आलं, टोकाला चिमटा काढला तरी कळेना. जेवायच्या सुट्टीत ती मिस्त्रीकाकांकडे आली. “काका, एक मुसकं द्या मला.”

काका चावायचे थांबले. “काय देऊ?”

“मुसकं. त्या डब्यातलं.”

“आठ वर्षं झाली, पोरी, आजवर कुणी मागितलं नाही. साहेब बघेल ना.”

“बघू दे. ह्या बोटाला आता सुई लागली तरी कळायचं नाही मला. रक्त दिसल्यावरच कळेल.”

काकांनी इकडे तिकडे बघितलं, झाकण उचललं आणि फटीशी कोण होतं? मी! अहो, काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी काकांच्या स्क्रूड्रायव्हरने मला जे एक-दोन पीळ दिले, ते मला अजून आठवतात.

अकरा दिवस. माझ्या सगळ्या आयुष्यातलं खरं काम म्हणजे ते अकरा दिवस. पहिल्या दिवशी वहिनीला दोरा ओवता येईना. टाचणी हसून लोटपोट, “अगं, सुईत दोरा ओवतेस की विहिरीत बादली सोडतेस?” पण वहिनी जिद्दीची. तिने दोऱ्याचं टोक तिरकं कापायला सुरुवात केली, ते ओलं करायचं, चिमट्यात धरायचं आणि डावीकडून माझ्या काखेतून, म्हणजे माझ्या वळणाखालून, असं आत सरकवायचं. तिसऱ्या दिवशी जमलं. आठव्या दिवशी न बघता जमलं. तासाला फक्त एक कॉलर कमी, एक! आणि किती वेळा तिचं ते बधिर बोट येऊन मला धडकलं, मी मोजलंय. सात वेळा. सातही वेळा मी मधे होतो. अकराव्या दिवशी टाचणीसुद्धा म्हणाली, “वहिनी, मला पण शिकव गं ते काखेतून.”

तेच फास्टबुवाने ऐकलं. बाराव्या दिवशी मी परत डब्यात. वहिनी म्हणाली, “साहेब, एकच तर कॉलर कमी होतेय.”

“तुझी एक. उद्या तुझं बघून दोनशे जणी मागतील. मग किती?”

याचं उत्तर मला येत होतं, पण मला कोण विचारतो.

मग आलं सरकारचं नवं धोरण. फास्टबुवाने सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलं. ज्या कारखान्यात कामगार सुरक्षित, त्याच्याच कपड्यांना सरकारी चिन्ह मिळणार, ‘सुरक्षित हातांनी शिवलेला’. बाहेरचे व्यापारी चिन्ह असलेलाच माल घेणार. ऐकून मी डब्यात उड्या मारायचा बाकी होतो! म्हटलं, आता आपले दिवस आले. मग फास्टबुवाने कागद खाली केला. “नीट ऐका. तपासणीत नापास झालो तर चिन्ह नाही. चिन्ह नाही तर ऑर्डर नाही. ऑर्डर नाही तर तिसरी आणि चौथी लाइन बंद. आता कुणाला तोंड उघडायचंय त्यांनी खुशाल उघडा.”

बघितलंत ना? नियम मला वाचवायला आला होता आणि पहिला धाक बसला तो बायकांनाच.

त्यात फास्टबुवाला खरी भीती वेगळीच होती. या वेळी तपासणीला नव्या बाई येणार होत्या, आणि त्या म्हणे नुसतं बघत नाहीत, करून दाखवा म्हणतात. गार्ड बसवलेल्या मशीनमध्ये दोरा ओवून दाखवा! दोनशे दहा मशीन, आणि ओवता येणार कुणाला? एकटीला.

तो वहिनीच्या मशीनपाशी येऊन चक्क गोड बोलला. “वहिनी, तुला पुढच्या मशीनवर बसवतो. बाईंना दाखव तुझी हातचलाखी. पास झालो की तुझं मुसकं तुझ्या मशीनवरच राहील. कायमचं. शब्द देतो.”

“आणि टाचणीच्या?”

“तिच्या पण. बस?”

वहिनीने मान हलवली. मला तिचा राग नाही, मित्रांनो. तुम्हीही धरू नका.

बाई आल्या. तरुण होत्या, चष्म्याच्या, बारीक नजरेच्या. रजिस्टर चाळून म्हणाल्या, “छान, एकूण एक तुकडा सापडलाय तुम्हाला.” मग थेट वहिनीकडे, तिच्या मशीनवर मीच होतो. माझ्यावर बोट फिरवलं. “हा एवढा चकचकीत कसा हो?”

“रोज पुसतो आम्ही!” फास्टबुवा मागून म्हणाला.

“मी यांना विचारतेय. दोरा ओवून दाखवा बरं.”

वहिनीने टोक तिरकं कापलं, ओलं केलं, माझ्या काखेतून सरकवलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत! बाई खूश झाल्या. मग त्यांना नख दिसलं. “बोटाला काय झालं?”

त्या वेळी मी तिच्या बोटाला टेकलेलो होतो. ते बोट बधिर होतं, मी तिथे आहे हेही त्याला कळत नव्हतं. तिच्यासमोर टाचणी, मागे दोनशे बायका, सगळ्यांची मशीन चालू आणि एकीचंही लक्ष शिलाईत नाही.

“घरी दारात चेमटलं,” वहिनी म्हणाली.

“आणि हा गार्ड रोज असतो ना मशीनवर?”

“असतो, बाई.”

बाईंनी खूण केली. जाताना त्यांनी वहिनीच्या हाताचा फोटो काढला. दुसऱ्या हाताचा, बरं का, चांगल्या बोटाचा. मधोमध मी! कारखाना पास.

गाडी फाटकाबाहेर गेली आणि मिस्त्रीकाका डबा घेऊन निघाले. वहिनीने माझ्यावर हात झाकला. “काका, हे राहू द्या. साहेबांनी शब्द दिलाय.”

फास्टबुवा हसला. “दिला होता ना! मालकांना विचारलं मी. ते म्हणाले, पुढच्या सीझनला बघू. काढ रे.”

टाचणी म्हणाली, “साहेब, तुमच्या शब्दालाच एक गार्ड लावा. लई लवकर तुटतो.” सगळ्या हसल्या, वहिनी सोडून.

महिन्याभराने चिन्हाच्या चिठ्ठ्या आल्या, रेशमी, निळ्या, कॉलरच्या आत शिवायच्या. कोण शिवणार? वहिनी आणि टाचणी. आणि एक मोठं पोस्टर आलं. ‘सुरक्षित हात, सुंदर वस्त्र’. त्यावर वहिनीचा हात आणि मी, दरवाजाएवढे! ते तिसऱ्या लाइनीसमोर लावलं. म्हणजे बघा, माझा फोटो भिंतीवर आणि मी डब्यात. माणसांत म्हणे कुणी गेलं की मग फोटो भिंतीवर चढतो. माझा आधीच चढला.

आणि मग एका दुपारी फटीतून मी बघतोय तर टाचणीचं मशीन थांबलं. ती मात्र ओरडली. निळी चिठ्ठी तिच्या बोटालाच टाचली गेली होती, सुईसकट. फास्टबुवा धावला. “तुकडा! तुकडा बघा आधी!”

वहिनी उठली. ती टाचणीकडे नाही गेली, सरळ टेबलाकडे आली. झाकण फेकलं, मला उचललं. टाचणीच्या मशीनपाशी गेली आणि काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेऊन तिने मला बसवलं.

“काढ ते,” फास्टबुवा म्हणाला.

“काढते. आधी तो फोटो उतरवा. फोटो उतरवा, मग मी हे उतरवते.”

फास्टबुवाने पोस्टरकडे बघितलं. पोस्टर सरकारी. ते उतरवायची त्याची हिंमत नव्हती. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी मशीनवर राहिलो. टाचणी दवाखान्यात होती, त्या मशीनवर कुणीच बसलं नव्हतं, तरी राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला लाइनीवरून उठवलं. आता ती कोपऱ्यातल्या टेबलापाशी उभी राहून शर्टांचे लोंबते दोरे कापते, दिवसभर, बरोबर त्या पोस्टरखाली. टाचणीला कामावर परत घेतलंच नाही. कारण काय, तर ‘निष्काळजीपणा’. मी परत डब्यात, फटीशी.

मित्रांनो, मला जपा, मला पुसा असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला खूप जपलंय, बघताय ना. मला घासू द्या, मला ओरखडे येऊ द्या. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी नियम लिहायच्या खुर्चीत बसलात, तर एक ओळ जास्त लिहा. माझ्याविषयी नको, ती आहेच. अशी लिहा, की जी बाई खरं सांगेल तिचं काम जाणार नाही, तिच्या शेजारणीचंही जाणार नाही. तेवढी ओळ राहिली लिहायची, आणि तिच्यावाचून आम्ही दोनशे दहा भावंडं डब्यात आहोत.

परवा तपासणी आहे. त्याच चष्म्याच्या बाई येणार आहेत. सकाळपासून फास्टबुवा लाइनीतून फिरतोय, एकीला बसवतो, दुसरीला बसवतो, कुणालाच माझ्यातून दोरा ओवता येत नाही. शेवटी आत्ताच तो कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेला. फटीतून मला दिसतंय. तो काहीतरी गोड बोलतोय. वहिनी कात्री खाली न ठेवता ऐकतेय.

तिने मान हलवली. हो म्हणाली असं दिसतंय. ती परवा माझ्यामागे बसणार. दोरा तर ती ओवेलच, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग बाई विचारतील, हा गार्ड रोज असतो ना?

मी तिच्या बोटाला टेकलेला असेन. आणि मला फक्त मधे येता येतं, मित्रांनो, बोलता येत नाही.